तोफखान्यातला हवालदार आणि बोर्डाची एक ओळ : अपंगत्व पेन्शनच्या दाव्याचे एक प्रकरण

भडगाव तालुक्यात, गिरणाकाठच्या गावात राहणाऱ्या एका निवृत्त हवालदाराची ही फाईल आहे. प्रत्यक्षात हा एकच माणूस नाही. जळगाव-धुळे भागातल्या माजी सैनिकांच्या दाव्यांत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात त्या एका सेवाक्रमात गुंफल्या आहेत, म्हणजे कोणाची खासगी माहिती उघडी पडत नाही. फॉर्म, मुदती, नियम आणि निकाल मात्र आहेत तसेच दिले आहेत.

आधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. अपंगत्व पेन्शन (सेवेमुळे उद्भवलेल्या वा बळावलेल्या आजारासाठी नियमित पेन्शनच्या जोडीला मिळणारी) आजार किती मोठा आहे यावर नाकारली जात नाही, ती बहुतेक वेळा कारणाच्या रकान्यात अडकते. मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांचे मंडळ, टक्केवारी भरघोस लिहिते आणि शेजारीच 'सेवेशी संबंध नाही' असे लिहून मोकळे होते. माणूस आयुष्यभर टक्केवारीवर बोलत राहतो आणि खरा वाद जिथे आहे ती ओळ कोणी वाचतच नाही.

सेवा आणि आजार

हवालदार फेब्रुवारी १९९६ मध्ये तोफखान्यात भरती झाले आणि चोवीस वर्षांची सेवा पूर्ण करून ३१ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाले. भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म एएफएमएसएफ-२ए. त्यात रक्तदाब सामान्य होता. ऐकण्याच्या रकान्यात दोन्ही कानांपुढे ६०० सेंटीमीटर होते, म्हणजे सहा मीटरवरून कुजबुजलेले शब्द दोन्ही कानांनी नीट ऐकू येत होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

सेवेतली बहुतेक वर्षे ते तोफेच्या डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे तोफ चालवणाऱ्या तुकडीत होते. फायरिंग रेंजवरचा सराव दरवर्षीचा. ऑगस्ट २००८ ते एप्रिल २०११ त्यांची रेजिमेंट जम्मू-काश्मीरमध्ये, दहशतवादविरोधी मोहिमेच्या क्षेत्रात होती. मे २०११ मध्ये ती शांतता ठाण्यात आली आणि जुलै २०११ च्या वार्षिक तपासणीत रक्तदाब वाढलेला आढळला. रुग्णालयात दाखल केले, 'प्रायमरी हायपरटेन्शन' असे निदान झाले आणि हवालदार लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या वैद्यकीय श्रेणीत गेले. २०१७ मध्ये दोन्ही कानांच्या श्रवणदोषाची नोंद झाली. नसेशी संबंधित, म्हणजे 'सेन्सरीन्यूरल' प्रकारचा दोष.

निवृत्तीच्या तीन-चार महिने आधी लष्करी रुग्णालयात रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे सेवा सोडतानाची तपासणी झाली. लो मेडिकलमध्ये असलेल्या प्रत्येकाचे ते होते. त्याच्या कार्यवाहीचा फॉर्म एएफएमएसएफ-१६. अपंगत्वाच्या दाव्याचा जीव या फॉर्ममध्ये असतो.

फॉर्म कसा वाचायचा

पहिल्या भागात सैनिकाचे स्वतःचे निवेदन असते : कुठे, कधीपासून कधीपर्यंत, आणि ते ठिकाण फील्ड (मोहिमेचे क्षेत्र) की पीस (शांतता ठाणे). आजार प्रथम कधी व कुठे जाणवला, भरतीपूर्वी काही होते का, हेही तिथेच. हा भाग बोर्डाच्या आदल्या दिवशी युनिटच्या क्लार्ककडून घाईघाईत भरला जातो आणि सही होते. घरी जायची ओढ लागलेला माणूस तारखा कशाला तपासतो?

पुढे बोर्डाचे मत येते. प्रत्येक आजारासमोर तीन प्रश्न असतात : सेवेमुळे उद्भवला का, सेवेमुळे बळावला का, की सेवेशी संबंध नाही. शेजारी कारणाचा रकाना. हवालदारांच्या फॉर्ममध्ये रक्तदाबासमोर पहिल्या दोन प्रश्नांना 'नाही', तिसऱ्याला 'होय' आणि कारण एवढेच : शांतता ठाण्यात सुरुवात, फील्ड सेवेशी निकटचा कालसंबंध नाही. श्रवणदोषासमोर तर कारणही धड नव्हते, सेवेशी संबंधित नसलेला आजार एवढेच वाक्य. त्याच पानावर खाली, 'अपंगत्व भरतीपूर्वी होते का' या प्रश्नाला बोर्डानेच 'नाही' म्हटले होते आणि 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाले का' यालाही 'नाही'. ही दोन 'नाही' हवालदारांच्या बाजूची होती.

शेवटी टक्केवारीचा तक्ता. रक्तदाब ३० टक्के, श्रवणदोष २० टक्के, एकत्रित ४० टक्के, कायमस्वरूपी. दोन आजारांची टक्केवारी सरळ बेरीज करून लावत नाहीत, म्हणून ५० नाही तर ४०. त्याच्या पुढचा रकाना 'पेन्शनसाठी पात्र निव्वळ टक्केवारी'. तिथे शून्य. ४० टक्के अपंगत्व आणि पात्र टक्केवारी शून्य, या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच कारणाचा रकाना.

नाकारल्याचे पत्र

निवृत्तीनंतर काही महिन्यांत रेकॉर्ड ऑफिसचे, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचे पत्र आले. अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले नाही, बळावलेलेही नाही, म्हणून अपंगत्वाचा भाग देय नाही. समाधान नसेल तर सहा महिन्यांत पहिले अपील करता येईल. पत्र पीपीओबरोबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाबरोबर) प्लॅस्टिकच्या पिशवीत गेले. नियमित पेन्शन सुरू होती, देशभर टाळेबंदी होती आणि 'रिजेक्टेड' वाचले की गावाकडचा माणूस धरून चालतो की विषय संपला.

खरे तर तो तिथे सुरू होतो. हे पत्र म्हणजे सरकारचा अंतिम शब्द नाही, बोर्डाच्या मताची ती कार्यालयीन नक्कल असते. त्यावर दोन पातळ्यांचे अपील आहे आणि नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण.

२०२३ च्या सुरुवातीला त्यांच्याच बॅचच्या एकाला दावा मंजूर झाल्याचे कळले. पुतण्याने पहिला प्रश्न विचारला, "अप्पा, बोर्डना कागद शेतस का घरमा?" नव्हते. डिस्चार्ज बुक होते, पीपीओ होता, ते पत्र होते. बोर्डाची प्रत कधी मागितलीच नव्हती. दहातल्या नऊ घरांत हेच चित्र दिसते, म्हणून काम कागद मागवण्यापासूनच सुरू होते.

या मधल्या काळात हवालदारांनी आणखी एक गोष्ट केली होती जी या भागात सर्रास होते. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले आणि तेच रेकॉर्ड ऑफिसला पाठवून दिले. ते प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे. बस-रेल्वे सवलत, राज्य सरकारच्या योजना, आरक्षण यांसाठी ते उपयोगी आहे, अवश्य काढावे. लष्करी दाव्यात मात्र त्याला काही किंमत नाही, कारण तिथे प्रश्न आजची टक्केवारी किती हा नसून निवृत्तीच्या वेळी बोर्डाने काय लिहिले आणि का लिहिले हा असतो. खासगी दवाखान्यातल्या ऑडिओग्रामचेही (श्रवण तपासणीच्या आलेखाचेही) तेच.

माहितीचा अधिकार

तोफखान्याचे रेकॉर्ड्स नाशिक रोड कॅम्पला. चाळीसगावहून सरळ रेल्वे, म्हणून खान्देशातले गनर, म्हणजे तोफखान्यातले जवान, प्रत्यक्ष जाऊन चौकशी करतात. जायला हरकत नाही, पण तोंडी विचारणेची नोंद कुठेच राहत नाही आणि पुढे उशीर माफ करून घेताना 'मी तीनदा गेलो होतो' हे सिद्ध करता येत नाही. लेखी अर्ज स्पीड पोस्टाने किंवा केंद्र सरकारच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवरून करावा. शुल्क १० रुपये, प्रतींसाठी पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत आरटीआयचेच पहिले अपील.

अर्जात 'माझी सर्व कागदपत्रे द्या' असे मोघम लिहिले की मोघम उत्तर येते. हवालदारांच्या अर्जात पाच गोष्टी नावानिशी मागितल्या : रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही (एएफएमएसएफ-१६), भरतीची तपासणी (एएफएमएसएफ-२ए), सेवेतल्या सर्व कॅटेगरी बोर्डांच्या, म्हणजे वैद्यकीय श्रेणी ठरवणाऱ्या बोर्डांच्या प्रती (एएफएमएसएफ-१५), फील्ड-पीस असा उल्लेख असलेला पोस्टिंगचा तपशील, आणि नाकारल्याच्या पत्राची प्रमाणित प्रत. वर आर्मी नंबर, हुद्दा, निवृत्तीची तारीख, पीपीओ नंबर आणि सोबत डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची स्वाक्षांकित प्रत.

दुखापतीचे प्रकरण असते तर यादी वेगळी झाली असती. तिथे इंजुरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६) आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (लष्करी चौकशीचा) निष्कर्ष हे दोन कागद निर्णायक ठरतात, कारण त्यांत अपघात कर्तव्यावर असताना झाला की नाही हे नोंदलेले असते. रजेवर असताना झालेल्या अपघातात सेवेशी काही तरी दुवा दाखवावा लागतो, नुसते 'मी सेवेत होतो' एवढे पुरत नाही.

दोन महिन्यांची फट

कागद आले आणि प्रकरण उलगडले. पोस्टिंगचा तक्ता आणि पहिल्या कॅटेगरी बोर्डाची तारीख शेजारी ठेवली तेव्हा दिसले की हवालदार एप्रिल २०११ च्या अखेरीस फील्डमधून उतरले आणि जुलैत रक्तदाब सापडला. मध्ये अडीच महिन्यांहून कमी काळ. रक्तदाब हा ज्या दिवशी सापडतो त्या दिवशी सुरू होत नाही. तो बहुधा लक्षणांशिवाय महिनोन्महिने वाढत असतो आणि कोणी पट्टा बांधून मोजला की नोंद होते. फील्डमध्ये वार्षिक तपासण्या पुढे ढकलल्या जातात, युनिट खाली आले की राहिलेल्या सगळ्या एकदम होतात. म्हणून 'शांतता ठाण्यात सुरुवात' असे वाक्य शेकडो फायलींत दिसते. निदानाची जागा तिथली, पण आजाराची सुरुवात तिथलीच असे कसे म्हणावे?

वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी लष्करी पेन्शनची जी मार्गदर्शिका आहे (२००२ ची, २००८ मध्ये सुधारलेली), तिचा परिच्छेद ४३ रक्तदाबाबद्दल आहे. फील्ड, अतिउंच प्रदेश किंवा दहशतवादविरोधी क्षेत्रातल्या सेवेत असताना रक्तदाब झाला तर तो सेवेमुळे बळावला असे मानायला तो परिच्छेद जागा देतो. बोर्डाच्या एका ओळीने हीच दारे बंद केली होती. उत्तरही तिथेच द्यायचे : तारखांचा तक्ता, पावणेतीन वर्षांची अखंड फील्ड सेवा आणि ती संपल्यावर लगेचचे निदान.

श्रवणदोषाची बाजू आणखी पक्की. भरतीला ६०० सेंटीमीटर दोन्ही कान, ट्रेड गनरचा, वीस वर्षे तोफेजवळ आणि दोष दोन्ही कानांत, नसेचा. मोठ्या आवाजाने होणारा दोष सहसा असाच असतो, आधी उंच सुरांचे ऐकू येणे जाते. २०१७ चा प्युअर टोन ऑडिओग्राम काढून पाहिला तर ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो का हे बघावे. हवालदारांच्या आलेखात तो होता. बोर्डाने त्यावर एक शब्दही लिहिला नव्हता.

अपिलात काय लिहिले

पहिला मसुदा ओळखीच्या एका टायपिस्टने तयार केला होता. त्यात देशसेवा, कुटुंबाची परिस्थिती, मुलीचे शिक्षण, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा'. ही सगळी खरी गोष्ट आहे आणि तिचे वजन माणसाला ठाऊकच असते, पण अपील समितीसमोर कायद्याचा एकच प्रश्न असतो : आजार सेवेमुळे उद्भवला वा बळावला का? त्या प्रश्नाचे उत्तर नसलेले अपील वाचणाऱ्याला मंजूर करायला आधारच मिळत नाही. मसुदा बदलला.

नव्या अपिलाची दोन पाने होती. पहिल्या परिच्छेदात सेवेच्या तारखा. दुसऱ्यात बोर्डाचे कारण शब्दशः उतरवले. तिसऱ्यात पोस्टिंगचा तक्ता आणि निदानाची तारीख. चौथ्यात ऐकण्याचा ६०० सेंटीमीटरचा आकडा आणि ट्रेड. पाचव्यात सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. भाषा हिंदी, कारण पुढच्या टेबलावर मराठी वाचणारा असेलच असे नाही. सोबत प्रत्येक विधानासाठी कागद आणि त्यावर पान क्रमांक. सहा महिन्यांची मुदत उलटून गेली होती, म्हणून उशिराची कारणे देणारा वेगळा अर्ज जोडला : टाळेबंदी, बोर्डाची प्रत न मिळणे, आरटीआयची तारीख.

निकालांबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे अर्धवट माहिती फार फिरते. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तंदुरुस्त होता असे धरले जाईल, आजार सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर असेल, आणि भरतीच्या वेळी तो का ओळखता आला नाही याची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत. राम अवतार प्रकरणाचा निकाल १० डिसेंबर २०१४ चा. त्याने टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ फक्त मध्येच अपंगत्वामुळे बाहेर काढलेल्यांना नव्हे, सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. धरमवीर सिंगचे नाव घेतले की दावा आपोआप मंजूर होतो अशी समजूत मात्र चुकीची आहे. बोर्डाने सविस्तर, वैद्यकीय आधाराचे कारण लिहिले असेल तर न्यायाधिकरण त्याला मान देते. ज्या फायलींत कारण एका ओळीचे असते त्यांत हा निकाल खरा कामाला येतो.

आणि तारीख बघा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, ज्यांत संज्ञा आणि निकष दोन्ही बदलले आहेत. हवालदार २०२० चे, म्हणून जुने नियम. शेजारच्याचा अर्ज उतरवून काढण्याआधी त्याची निवृत्ती कधीची हे विचारावे.

पैशाचा हिशेब

अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांना शेवटच्या गणनयोग्य वेतनाच्या ३० टक्के. कमी टक्केवारीला त्या प्रमाणात. समजा शेवटचे वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेसाठीचे जादा वेतन) धरून, ४८,००० रुपये. मग १०० टक्क्यांना १४,४०० रुपये, ४० टक्क्यांना ५,७६० रुपये महिना. आता टप्पे : ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ ते १०० असेल तर १००. म्हणजे हवालदारांचे ४० झाले ५० आणि रक्कम ७,२०० रुपये, त्यावर महागाई सवलत वेगळी. ही रक्कम नियमित सेवा पेन्शनच्या जोडीला मिळते, तिच्या बदल्यात नाही.

या टप्प्यांतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. हवालदारांचे दोन्ही आजार मान्य झाले तर ४० चे ५०. फक्त रक्तदाब मान्य झाला तर ३० चे ५०. फक्त श्रवणदोष मान्य झाला तरी २० चे ५०. तिन्ही वेळा ७,२०० रुपयेच. म्हणून दोन आजारांवर सारखी शक्ती खर्च करण्यापेक्षा जो पुराव्याने पक्का तो पुढे ठेवावा आणि दुसरा त्याला आधार म्हणून. या प्रकरणात श्रवणदोष पुढे हवा होता. खाली मात्र काठ आहे : निवृत्तीच्या प्रकरणात मान्य झालेला आजार २० टक्क्यांच्या आत असेल तर अपंगत्वाचा भागच मिळत नाही आणि टप्प्याचा लाभही नाही. श्रवणदोष १५ टक्के असता आणि तेवढाच मान्य झाला असता, तर हातात काही आले नसते. टक्केवारी ४० ची ४५ करून घ्यायला पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांकडे हेलपाटे घालणारे मात्र नाहक दमतात, दोन्हीचे ५० च होतात.

वेळेच्या आत, म्हणजे २०२० च्या पत्रानंतर सहा महिन्यांत पाऊल उचलले असते तर हिशेब १ फेब्रुवारी २०२० पासून झाला असता. उशिराच्या प्रकरणात न्यायाधिकरण सर्वसाधारणपणे अर्ज दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच थकबाकी देते. पेन्शन ही दर महिन्याला चालू राहणारी बाब असल्याने हक्क मरत नाही, पण मागची रक्कम कापली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये ठरवून दिले आहे. हवालदारांचा अर्ज जुलै २०२४ चा, म्हणून थकबाकी जुलै २०२१ पासून. फेब्रुवारी २०२० ते जून २०२१ या सतरा महिन्यांचे १,२२,४०० रुपये, महागाई सवलत न धरता, पिशवीतल्या त्या पत्राने खाल्ले.

न्यायाधिकरण

पहिले अपील मे २०२३ मध्ये गेले, नोव्हेंबरात नामंजूर झाले. उत्तरात बोर्डाचेच वाक्य परत. डिसेंबरात दुसरे अपील. त्याला सहा महिने उत्तर आले नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ नुसार सहा महिन्यांत निर्णय न झाल्यास अपिलाची पायरी संपली असे धरून न्यायाधिकरणात जाता येते. उत्तराची वाट बघत दोन-दोन वर्षे बसणारे अनेक आहेत. तेवढी वाट कायद्याला अपेक्षित नाही.

महाराष्ट्राचे खंडपीठ मुंबईला. मूळ अर्जात प्रतिवादी चार : संरक्षण सचिवांमार्फत भारत सरकार, लष्करप्रमुख, रेकॉर्ड ऑफिसचे प्रभारी अधिकारी आणि प्रयागराजचे पेन्शन लेखा कार्यालय. पेन्शन लेखा कार्यालय विसरले तर आदेश झाल्यावर अंमलबजावणीत अडते. उशीर माफीचा अर्ज वेगळा. माणसाला स्वतः बाजू मांडता येते, पण मुंबईत तारखा पडतात आणि सरकारी वकील मुरलेले असतात, म्हणून वकील घेणे बरे. फीचे आधी लेखी ठरवावे. 'थकबाकीतले तीस टक्के द्या' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघून यावे. निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि वकील नसलेला दलाल तसे म्हणत असेल तर त्याला कुठलेच नियम नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला आणि कागद तपासायला मदत मिळते. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे. तिच्यात सैनिक मंडळांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर सल्ल्याची सोय आहे, ती आपल्या जिल्ह्यात चालू आहे का हे विचारावे.

न्यायाधिकरणात सरकारचे म्हणणे तेच होते : बोर्ड तज्ज्ञांचे आहे, त्याचे मत अंतिम. उत्तर दोन कागदांत होते, पोस्टिंगचा तक्ता आणि ६०० सेंटीमीटरचा आकडा. अर्ज मंजूर झाला. रक्तदाब सेवेमुळे बळावलेला, श्रवणदोष सेवेमुळे उद्भवलेला, ४० टक्के वाढवून ५० टक्के, आयुष्यभर, थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपासून, आणि ठरलेल्या मुदतीत अंमल न झाल्यास व्याज.

आदेशानंतर

आदेश हातात आला की काम संपले असे वाटते. प्रमाणित प्रत काढून रेकॉर्ड ऑफिस आणि पेन्शन लेखा कार्यालय दोघांना स्पीड पोस्टाने पाठवावी, पोचपावती जपावी. व्याजाची मुदत बहुतेक आदेशांत प्रत मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून ती पावती म्हणजे पैसा.

सरकार उच्च न्यायालयात रिट दाखल करू शकते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले. अशा वेळी मंजुरी सशर्त येते आणि वरच्या न्यायालयात निर्णय उलटला तर रक्कम परत करीन असे हमीपत्र घेतले जाते. हमीपत्र द्यायला हरकत नाही, पण थकबाकीच्या जोरावर ट्रॅक्टरचे हप्ते बांधून घेऊ नयेत.

सुधारित पीपीओ आता स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीतून निघतो. हवालदारांचा तो तीन महिने अडला, कारण भानगड नावाची होती. डिस्चार्ज बुकात आडनाव शेवटी, आधारवर आडनाव आधी. वडिलांचे नाव एकीकडे 'आनंदा', दुसरीकडे 'आनंदराव'. बायकोची जन्मतारीख सेवेतल्या नोंदीत नुसते वर्ष. संगणक जुळवत नाही तिथे थांबतो. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडूनच करून घ्यावी लागते, प्रतिज्ञापत्र आणि पुराव्याचे कागद जोडून. आधारमध्ये बदल करून पीपीओशी जुळवून घेणे सोपे वाटते, पण मग बँक खाते आणि ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड वेगळे पडते. ज्यांचा दावा अजून न्यायाधिकरणात आहे त्यांनी हे नाव-तारखांचे काम आजच उरकावे, निकालाची वाट बघू नये. स्पर्शचे काम गावातल्या सीएससी केंद्रावर होते, पण ओटीपी केंद्रचालकाला फोनवर सांगू नये, समोर बसून स्वतः टाकावा.

सुधारित पीपीओ आल्यावर त्यात चार गोष्टी ताडून बघाव्यात. अपंगत्वाचा भाग लागू होण्याची तारीख आदेशातलीच आहे का. टक्केवारी ४० नाही, ५० लिहिली आहे का. रक्कम शेवटच्या गणनयोग्य वेतनाच्या १५ टक्के येते का, आणि त्यात मिलिटरी सर्व्हिस पे धरला आहे का. मुदत 'कायमस्वरूपी' आहे का. हवालदारांच्या पहिल्या पीपीओत तारीख बरोबर होती, पण रक्कम ५,७६० रुपयांची होती, म्हणजे टप्प्याचा लाभ कोणी तरी वगळला होता. आदेशातल्या त्या परिच्छेदावर खूण करून परत पत्र गेले, दुसरा सुधारित पीपीओ निघाला आणि फरक जमा झाला. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यायचा असतो. तो चुकला की सेवा पेन्शनबरोबर हा भागही थांबतो.